आकाशगंगेवर एक नाका

अंतराळात जळगावच्या माणसाला कुठला ग्रह मानवेल, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ते विचारलं स्टॉकहोमच्या एका कंपनीने. पॅराडॉक्स तिचं नाव. तिने २०१६ च्या मे महिन्यात बाजारात आणलेला ‘स्टेलारिस’ नावाचा खेळ धुळ्याच्या भाच्याने सुट्टीत येऊन माझ्या कॉम्प्युटरवर चढवून दिला आणि ‘मामा, आकाशगंगा ताब्यात घ्यायची, बस’ एवढंच सांगून तो एसटीने परत गेला. ताब्यात घेण्याआधी प्रजा तयार करावी लागते, हे काही तो बोलला नाही. प्रजा दिसायला कशी, वागायला कशी, आणि तिला हवामान कुठलं लागतं, सगळं आपणच भरायचं. हवामानाचे नऊ पर्याय पडद्यावर येतात: ओले तीन, थंड तीन, कोरडे तीन. आपण निवडलेल्या हवामानाचा दुसरा ग्रह सापडला तर तो ८० टक्के राहण्याजोगा धरतात, त्याच्या जवळपासचा असला तर ६० आणि अगदीच परका असला तर २०.

मी ‘डेझर्ट’वर बोट ठेवलं. भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, गच्चीवर टाकलेल्या कुरडया दुपारच्या आत खडखडीत होतात, आणि तरी त्याच उन्हात आमची माणसं वरातीत नाचतात. अशा लोकांना वाळवंट ८० टक्के म्हणजे कमीच झालं. भाचा फोनवर म्हणाला, ‘मामा, कॉन्टिनेंटल घ्या, सगळे तेच घेतात.’ कॉन्टिनेंटलचं चित्र मी पाहिलं. हिरवीगार झाडी, मधून नदी, वर थोडे ढग. म्हणजे नाशिक. नाशिकलाच राहायचं तर त्यासाठी अंतराळात कशाला जायचं?

त्यानंतर गुणावगुण. इथला हिशेब मला लगेच पटला. चांगल्या गुणाचे पैसे पडतात, वाईट गुणाचे उलट मिळतात. एखाददुसरा दुर्गुण पदरात घेतला की त्या पैशांत सद्गुण परवडतो. राजकारणात हा हिशेब सगळेच करतात, पण असा उघड दरपत्रकासकट मी तो प्रथमच पाहिला. मी ‘काटकसरी’ हा गुण घेतला आणि त्याचे पैसे भागवायला ‘भांडखोर’ हा दुर्गुण घेतला. दोन्ही आमच्या गल्लीत मुबलक असल्यामुळे कल्पनाशक्तीला ताण पडला नाही. मग तत्त्वं निवडायची. आपल्याला तीन खुणा देतात: शांततावादी की लढाऊ, समतावादी की हुकूमशाही, परक्यांना मिठी मारणारे की परका दिसला की दार लावणारे. एखाद्या तत्त्वात कट्टर व्हायचं असेल तर त्यावर दोन खुणा खर्च होतात. म्हणजे एका माणसाला दोन बाबतींत कट्टर होताच येत नाही. स्वीडनमध्ये एवढ्यावर भागत असेल.

नावावरून मात्र भांडण झालं. आम्ही दोघे एकाच डावात होतो, तो धुळ्यातून आणि मी जळगावातून, आणि ‘खान्देश’ हे नाव त्याने आधीच बळकावलं होतं. शेवटी तोडगा इंग्रजांचाच वापरला. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला तेव्हा कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यात ठाण मांडलं आणि अख्ख्या खान्देशाचा कारभार तिथून चालू झाला. १९०६ मध्ये त्याचे दोन तुकडे केले, पश्चिम खान्देश धुळ्याकडे आणि पूर्व खान्देश जळगावाकडे. आम्हीही तीच नावं घेतली. भाच्याचं म्हणणं, जुनी राजधानी आमची. असेल बुवा. पण लग्नाचं सोनं घ्यायला अजून जळगावलाच येतात.

खेळातली तारीख १ जानेवारी २२००. हाती एक ग्रह, एक संशोधनाचं जहाज, एक बांधकामाचं जहाज आणि तीन फुटकळ लढाऊ नावा. मला वाटलं, आता लेसरचा मारा, स्फोट, ‘पृथ्वी वाचवा’ वगैरे सुरू होणार. त्याऐवजी पडद्याच्या वरच्या पट्टीत आकडे उमटले. ऊर्जा, खनिज, अन्न, मिश्रधातू, ग्राहकोपयोगी वस्तू. प्रत्येकाची शिल्लक, आणि शिल्लकेच्या पुढे दर महिन्याची आवक किंवा तूट. तूट असली की लाल अक्षरात. ज्याचं आयुष्य पतपेढीच्या कॅशबुकात गेलं त्याला एवढ्या लांब येऊन तेच कॅशबुक दिसल्यावर जे वाटलं, त्याला आनंद म्हणणं अवघड आहे, पण ओळख मात्र पटली.

या जातीच्या खेळांना ‘फोर एक्स’ म्हणतात. १९९३ मध्ये ‘मास्टर ऑफ ओरायन’ हा असाच अंतराळातला खेळ येऊ घातला होता, तेव्हा ॲलन एमरिच नावाच्या समीक्षकाने एका मासिकात त्याच्याविषयी लिहिताना हे नाव पाडलं. चार कामं: शोधा, पसरा, ओरबाडा, संपवा. ऐकायला चंगीझखानाच्या दौऱ्याचा कार्यक्रम वाटतो. महिनाअखेर नावाचं पाचवं काम मात्र त्यात कोणी लिहिलेलं नाही, आणि माझा सगळा वेळ त्यातच गेला. एक बटण दाबलं की आकाशगंगा जागच्या जागी थांबते. ग्रह, शत्रू, देणी, सगळं. ही सोय पतपेढीत असती तर मी आणखी पाच वर्षं नोकरी केली असती. अडचण एवढीच की दोघे खेळत असताना एकाने थांबवलं की दुसऱ्याचंही विश्व थांबतं.

‘मामा, पुन्हा का थांबवलं?’

‘खनिजाची बेरीज जुळत नाही.’

‘जुळून काय करायचंय? लाल नाही ना?’

‘लाल नाही, पण का लाल नाही ते कळायला नको?’

त्याच्या पिढीला शिल्लक दिसली की पुरते. ती कुठून आली हे विचारायला मामा लागतो.

आता मुख्य गोष्ट. नकाशावर तारे विखुरलेले असतात आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक रेषा असतात. जहाजाने फक्त त्या रेषेवरूनच जायचं. २०१६ मध्ये खेळ आला तेव्हा प्रवासाचे तीन प्रकार होते. कोणी वाटेल तिकडे झेप घ्यायचं, कोणी विवरं उघडून जायचं, कोणी रेषांवरून. २०१८ च्या सुरुवातीला मोठे फेरबदल झाले आणि सगळ्यांनाच रेषांवर आणून बसवलं. त्यामुळे शेजारचा तारा हाताच्या अंतरावर लुकलुकत असतो, पण मध्ये रेषा नसली तर सात ताऱ्यांचा वळसा. भाच्याला हा अन्याय वाटतो. मला वाटत नाही, कारण मी रेल्वेने धुळ्याला जाऊन पाहिलेलं आहे. जळगाव ते धुळे रस्त्याने नव्वदेक किलोमीटर. रेल्वेने जायचं म्हटलं तर पाचोरा मार्गे चाळीसगाव गाठा, तिथे उतरा, आणि धुळ्याच्या फाट्याची गाडी धरा. सुरतच्या गाडीत बसलात तर ती अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार असं धुळे जिल्ह्यातून निघून जाते आणि धुळे शहराला दुरून नमस्कार करते. मनमाड ते इंदूर हा ३०९ किलोमीटरचा धुळ्यावरून जाणारा मार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. त्याची मागणी करणाऱ्यांचे नातू आता निवृत्तीला आले आहेत. स्टेलारिसमध्ये दोन ताऱ्यांत नवी रेषा आखून मागता येत नाही. पण निदान दर पाच वर्षांनी येऊन तिचं आश्वासनही कोणी देत नाही.

हे सगळं मी भाच्याला समजावत होतो तेव्हा शेजारचे आप्पा पेपर मागायला आले. आप्पा मूळचे अमळनेरकडचे, भुसावळ विभागात कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. उभं आयुष्य एका खोलीत बसून, समोर तक्ता, कानाला फोन, आणि न दिसणाऱ्या गाड्या हलवण्यात गेलेलं. त्यांनी चष्मा वर केला, पडद्याजवळ नाक नेलं आणि म्हणाले, ‘हाई तं सेक्शन शे!’

मी म्हटलं, ‘आप्पा, ही आकाशगंगा आहे.’

‘व्हई. पन सेक्शन शे.’ त्यांनी काचेवर बोट टेकवलं. बोटाचा ठसा एका लालसर ताऱ्यावर उमटला. त्या ताऱ्याचं नाव सुद्धा मी वाचलं नव्हतं. तिथे ना खनिज, ना राहण्याजोगा ग्रह, भाच्याने तर ‘भंगार’ म्हणून सोडून दिला होता. आप्पांनी बोट न उचलता एकेक रेषा मोजली. माझ्याकडून तीन येत होत्या, भाच्याकडून दोन, वरून बुरशीसारख्या दिसणाऱ्या लोकांचं कॉम्प्युटरने चालवलेलं एक साम्राज्य होतं त्यांच्याकडून एक. सगळ्या त्या भंगार ताऱ्यातून जात होत्या. ‘हाई भुसावळ शे,’ आप्पा म्हणाले. ‘अठे नाका बसाड. बाकीनं राहू दे.’

मुंबईहून निघालेल्या गाडीने नागपूरकडे जायचं की इटारसीकडे, हे भुसावळात ठरतं. भुसावळात सोन्याची खाण नाही, समुद्र नाही, राजवाडा नाही. पण तिथे सिग्नल पडला नाही तर दिल्लीचा मंत्रीही डब्यात बसून शेंगदाणे खातो. आणि गंमत पाहा, भाचा राहतो धुळ्यात. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एकमेकांना छेदतात, तिथल्या ढाब्यावर बसून त्याने अर्ध्या हिंदुस्थानचे ट्रक पाहिले आहेत. तरी त्याला फाटा दिसला नाही. त्याला खनिज दिसलं.

नाका बसवायचा तर मिश्रधातू लागतात. ते कारखान्यात तयार होतात. पण त्याबरोबर ‘इन्फ्लुएन्स’, म्हणजे वजन, नावाचं आणखी एक नाणं लागतं, आणि तिथे सगळ्यांचं घोडं अडतं. खनिज खणता येतं, वीज करता येते, वजन मात्र कशातूनही खणून काढता येत नाही. ते महिन्याला तीन-चार असं टिपटिप साचतं, आणि नव्या ताऱ्यावर झेंडा लावायचा तर पाऊणशेच्या आसपास खर्च होतं. तारा लांबचा असला तर आणखी. थोडक्यात, खजिन्यात करोडो असले तरी सभापती व्हायला दोन वर्षं थांबावं लागतं. भाच्याने त्याचं सगळं वजन खनिजाच्या ताऱ्यांवर उधळलं. पहिल्या वीस वर्षांत त्याचा नकाशा पसरत पसरत अर्ध्या पडद्यावर गेला. माझा तेवढ्यात आवरला होता. मी आप्पांच्या ‘भुसावळा’पर्यंत सरळ गेलो, तिथे झेंडा लावला आणि बसलो.

बसलो म्हणजे कारभार करत बसलो. अन्न हा माझा हळवा कोपरा. मी शेतीचे पट्टे वाढवत नेले आणि अन्नाची शिल्लक कोठार भरून वाहू लागली. भाचा म्हणाला, ‘मामा, एवढं अन्न करून काय करणार?’ रावेर-यावलच्या माणसाला असं विचारायची आजवर कोणाची हिंमत झालेली नाही. ज्या २०१६ मध्ये हा खेळ आला त्याच वर्षी जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि भरताच्या वांग्यालाही. आप्पांना अन्नाचा आकडा पाहून गहिवर आला. सावदा आणि रावेर स्टेशनांवरून केळीच्या गाड्या दिल्लीला जातात, त्या त्यांनी वर्षानुवर्षं हलवल्या होत्या. केळीचा रेक आउटरला उभा राहिला तर तिकडे दिल्लीत माल उतरेपर्यंत काळा पडतो, म्हणून त्याला मेलगाडीच्या मागोमाग कसा काढायचा, हे त्यांनी मला हातवारे करून सांगितलं. स्टेलारिसमध्ये अन्न कधीच कुजत नाही. बावीसशे पाच सालचं अन्न बावीसशे पन्नास साली तसंच. हे काही आप्पांना मानवलं नाही. ‘मंग तेस्ना खेळमा मजा काय?’ असं म्हणून ते चहा प्यायला लागले.

जास्तीचं अन्न विकायला गेलो. बाजार आहे, भाव आहे, आणि भावावर ३० टक्के फी. तीस! शिवाय तुम्ही जितकं विकाल तितका भाव खाली, जितकं घ्याल तितका वर. दुसरा भाग आमच्या शेतकऱ्याला पाठ आहे, तो त्याने सोसलेला आहे. पण तीस टक्के अडत कोणी जळगावच्या मार्केट यार्डात मागितली असती तर संध्याकाळपर्यंत त्याच्या गाळ्यासमोर ट्रॅक्टर उभे राहिले असते. अंतराळात ट्रॅक्टर नाहीत. चार-दोन वेळा विकून मी व्यवहार बंद केला आणि शेतमजुरांना कारखान्यात लावलं. तेही पटत नव्हतं, पण लाल आकडा पुढे दिसत होता.

याच सुमाराला वीज गेली. पडद्यावर माझी ऊर्जा महिन्याला चांगली चाळीसच्या वर शिलकीत होती. भुसावळशेजारी दीपनगरचं औष्णिक केंद्र आहे, साक्री तालुक्यात सौर प्रकल्प आणि पवनचक्क्या आहेत, आणि माझ्या घरात मेणबत्ती होती. बायको अंधारातून म्हणाली, ‘अहो, तुमच्या त्या ग्रहावरून एखादी वायर आणता येते का पाहा.’

संशोधनाचा भाग मला सगळ्यांत आवडला. तुम्हाला हवं ते शोधता येत नाही. खेळ तीन पत्ते समोर टाकतो, त्यातला एक घ्यायचा. आणि संशोधक फुकट काम करत नाहीत. त्यांना दर महिन्याला ग्राहकोपयोगी वस्तू लागतात, त्या कारागिरांनी करायच्या, कारागिरांना खनिज लागतं, खनिजाला खाणकामगार, त्यांना अन्न. म्हणजे वर एकाने दुर्बिणीला डोळा लावायचा तर खाली चार जणांनी घाम गाळायचा. हे स्टॉकहोमच्या लोकांना कळलं याचं मी कौतुक केलं असतं, पण आमच्याकडे ते दगडावर कोरून ठेवलेलं आहे. चाळीसगाव तालुक्यात पाटण नावाचं ठिकाण आहे, पाटणादेवीचं जंगल लागतं तिथे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ शिकवायला तिथे मठ काढला. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला देणगी दिली. १२०७ चा तो शिलालेख पुढे डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. त्यात ग्रहगोलांच्या अभ्यासाचा खर्च कसा भागवायचा ते लिहिलंय: पाटणच्या बाजारातल्या करातला वाटा मठाला, आणि गावात तेलाचे घाणे चालू असतील तेव्हा दर घाण्यामागे एक पळी तेल. आठशे वर्षांपूर्वी खान्देशात अंतराळ संशोधनाची मासिक तरतूद पळीच्या मापात लावून दिली होती. बैल फिरतोय, तीळ चिरडला जातोय, आणि त्या तेलाच्या उजेडात कोणीतरी ग्रहणाचं गणित करतोय. मी माझ्या खेळातल्या पहिल्या प्रयोगशाळेचं नाव पाटण ठेवलं. भाच्याने त्याच्या प्रयोगशाळेचं नाव ‘लॅब १’ ठेवलंय.

माझं संशोधन-जहाज तोवर फिरून फिरून विचित्र गोष्टी कळवत होतं. कुठे मेलेलं साम्राज्य, कुठे गाणारा ग्रह. भाच्याने सांगितलं, एखाद्या डावात म्हणे आपली पृथ्वीही सापडते, कधी दुसऱ्या महायुद्धाच्या मध्यावर, तर कधी अणुयुद्धानंतरची, जिच्यावर फक्त झुरळं उरलेली असतात. मी विचारलं, ‘त्यात धुळ्याचा एसटी स्टँड दिसतो का?’ तो गप्प बसला.

माणसांचंही पाहावं लागतं. राज्यपाल, शास्त्रज्ञ, सेनापती नेमायचे. त्यांना पगार, वय, स्वभाव असतो. मी नेमलेला पहिलाच राज्यपाल कामाला चांगला होता, फक्त नावापुढे एक लालसर खूण होती. बाण नेऊन पाहिलं तर ‘व्यसनी’. भाचा म्हणाला, काढून टाका. मी ठेवला. या पदावर आमच्याकडे याहून मोठी माणसं येऊन गेली आहेत. १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर अकबराने खान्देश शाहजादा दानियालच्या हाती दिला आणि पोराच्या नावावरून सुभ्याचं नाव ‘दानदेश’ केलं. दानियाल बुऱ्हाणपुरात दारूपायी गेला, तोही बापाच्या आधी. नाव त्याच्याहून जरा जास्त टिकलं, इतकंच. माझा राज्यपाल वयाच्या ऐंशीव्या वर्षी शांतपणे वारला आणि मागे शिल्लक ठेवून गेला.

असीरगडाचा विषय भाच्याने काढला. याच कंपनीचा ‘युरोपा युनिव्हर्सलिस’ नावाचा दुसरा खेळ आहे, पृथ्वीच्या नकाशावरचा. त्याची चौथी आवृत्ती २०१३ ची. तो १४४४ पासून सुरू होतो आणि त्यात भारताच्या मध्यावर खान्देश हे वेगळं राज्य आहे, फारुकींचं, निवडून खेळता येतं. भाच्याने ते घेऊन दिल्ली जिंकली, मग काबूल, मग कुठे तरी ऑस्ट्रिया. मला त्याने ते अभिमानाने दाखवलं. मी म्हटलं, पोरा, फारुकी दोनशे वीस वर्षं टिकले ते दिल्ली जिंकून नाही. १३८२ ला थाळनेरात, म्हणजे तुझ्याच जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी त्यांनी सुरुवात केली. वर माळवा, डावीकडे गुजरात, खाली बहमनी, सगळे यांच्याहून दांडगे. मग काय केलं? कधी गुजरातच्या सुलतानाला मान दिला, कधी बहमनी घरात मुलगी दिली, आणि ती सोयरीक फिसकटली तेव्हा मारही खाल्ला. पण असीरगड सोडला नाही. उत्तरेकडून दख्खनेत उतरायचं तर सातपुड्यातली ती खिंड, आणि खिंडीवर तो किल्ला. ज्याला दख्खन हवी त्याला यांच्याशी बोलावं लागायचं. अकबराला महिनोन्महिने वेढा घालून बसावं लागलं. भाचा म्हणाला, ‘पण शेवटी पडलाच ना?’ हो, पडला. दोनशे वर्षांनी. तुझं ऑस्ट्रिया किती दिवस टिकलं?

त्याचं साम्राज्य खरोखरच अडचणीत होतं. या खेळात राज्य जेवढं पसरेल तेवढं प्रत्येक संशोधन महाग होतं. हा नियम कंपनीने बारीक अक्षरात ठेवलाय, पण खेळाचा सगळा जीव त्यातच आहे. भाच्याकडे तारे चौपट आणि शोध माझ्याहून कमी. त्याने मग आपल्या लढाऊ नावा एकत्र केल्या आणि बुरशीवाल्यांचा श्रीमंत मुलूख घ्यायला निघाला. वाट अर्थातच त्या भंगार ताऱ्यावरून. तोवर मी तिथल्या नाक्यावर तोफा चढवल्या होत्या आणि सीमा बंद केल्या होत्या. त्याचं आरमार माझ्या दारात येऊन थांबलं.

‘आउटरले उभी शे,’ आप्पा समाधानाने म्हणाले. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

भाच्याने फोन केला. ‘मामा, सीमा उघडा.’

‘किती देतोस?’

‘भाच्याकडून टोल घेणार?’

‘धुळ्यात राहतोस आणि टोलचं नवल करतोस?’

खेळात वाटाघाटीची खिडकी आहे. खनिज देऊ करता येतं, ऊर्जा देऊ करता येते, करार करता येतो, शत्रू म्हणून जाहीर करता येतं, नुसता अपमानही करता येतो, त्याचं वेगळं बटण आहे. भाच्याने खनिज देऊ केलं, मी नाकारलं. त्याने अपमानाचं बटण दाबलं. मामाला अपमान! मग दहा मिनिटांनी पुन्हा फोन वाजला, तो खेळात कुठेही सोय नसलेल्या खात्यातून. माझी धाकटी बहीण.

‘दादा, पोराचा रस्ता अडवला म्हणे तू?’

‘अगं, ते अंतराळातलं आहे.’

‘कुठलं का असेना. जेवण सोडून बसलाय. आखाजीला मी माहेरी येऊ की नको, ते सांग एकदा.’

आखाजी पंधरा दिवसांवर होती. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोका बांधतात, आणि ज्या घरी बहीण आली नाही त्या घराचं गावात वर्षभर काय होतं ते तोफांनी थांबत नाही. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. बहमनी घरात मुलगी देणाऱ्या नसीरखान फारुकीची मनःस्थिती मला जरा जरा कळू लागली.

‘उघडतो,’ मी म्हटलं, ‘पण फुकट नाही. येताना बिबडे आण. ज्वारीचे. दोन डबे.’

पलीकडे विचार चालला होता. आप्पांनी माझ्या बाहीला ओढलं.

‘तीन मांग,’ ते कुजबुजले. ‘नाका मी दाखाडा.’